शाईला तीन तोंडं लागतात

फोन आला तेव्हा मी एक म्हातारी रचत होतो. देवळाली प्रवऱ्याहून नगरकडं येणाऱ्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि म्हातारीचं वय ठरवून झालं होतं, नाकातली मोरणी ठरली होती, उसाच्या तोडीला ती किती वर्षं आली आणि तिचा कोणता गुडघा दुखतो तेही ठरलं होतं. फक्त तिला बोलतं करायचं बाकी होतं. खोट्याला खरा मसाला लागतो, म्हणून तर मी मुद्दाम देवळालीपर्यंत जाऊन दोन दिवस उसाच्या फडाकडेनं फिरून आलो होतो. पारनेरला पोचल्यावर साळवे सरांच्या कॉटशेजारी बसायचं आणि म्हातारी त्यांच्यापुढं उभी करायची, एवढंच काम राहिलं होतं. तेवढ्यात सुजाताचा फोन. सुजाता ही सरांची मुलगी, पुण्याला असते. म्हणाली, "काका, बाबा गेले." मी म्हणालो, "कधी?" म्हणाली, "सकाळी. चहा मागितला, आईनं आणला, तोवर..." एसटी राहुरीच्या स्टँडात शिरली, कंडक्टर ओरडला, माणसं चढली-उतरली. म्हातारी मात्र डोळ्यांपुढून हलेना. मोरणी घालून, तोंडात एक शब्द धरून ती तशीच उभी. तो शब्द ज्यानं ऐकायचा तो माणूस निघून गेला होता.

याला आता पाच आठवडे होतील. ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो, मी विहिरी खोदणारा माणूस. यारी लावून, म्हणजे खालचा दगड वर ओढायची क्रेन लावून, मी पारनेर तालुक्यात इतक्या विहिरी काढल्या की विमानातून तालुका चाळणीसारखा दिसत असेल. एका विहिरीला पाणी लागेना, तर इतका खोल गेलो की खालून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, जरा आवाज कमी करा. हे मी चावडीवर सांगतो तेव्हा सगळे हसतात, आणि त्यातले चार-पाच जण घरी जाऊन बायकोला खरं म्हणून सांगतात. माझा धंदा त्या चार-पाच जणांच्या जिवावर चालला. साळवे सर हसणाऱ्यांतले नव्हते आणि खरं मानणाऱ्यांतलेही नव्हते. ते लिहून घेणाऱ्यांतले होते. असला माणूस मला आधी भेटला नव्हता आणि आता भेटायचा नाही.

पहिली भेट विहिरीच्या काठावरच झाली. त्यांच्या हायस्कूलमागच्या रानात आमचं काम चाललं होतं. सुरुंग उडवला तर काळ्या दगडात एक पोकळी उघडी पडली, माणूस उकिडवा बसेल एवढी, आणि आत सगळीकडून पांढऱ्या टोकदार गारा. उन्हात बघवत नव्हतं. गड्यांनी त्या फोडून वर पाठवल्या, मी काठावर ओतल्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. सायकल हातात धरून एक सडसडीत मास्तर आले, बोटाएवढी एक गार उचलली, तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "याला काय म्हणता तुम्ही?" आणि मग गप्प राहिले. एवढे गप्प की मला घाम फुटला. गार म्हणतात, गारगोटी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण एवढं साधं उत्तर द्यायला माझी जीभ घडलेलीच नाही. म्हणालो, "म्हसोबाचा दात." वर म्हसोबा आणि वेताळाची मारामारी सांगितली, कुणी कुणाला कुठल्या डोंगरावर आपटलं तेही सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकलं, पिशवीतून वही काढली आणि शिसपेन्सिलीनं लिहिलं, म्हसोबाचा दात. बाजूला माझं नाव, गाव.

"खिशाला पेन हाय की सर. मग शिसपेन्सिल कशापायी?"

"शाईला तीन तोंडं लागतात, रंगनाथराव."

हा त्यांचा नियम होता. ऐकलेला शब्द आधी शिसपेन्सिलीनं लिहायचा. तीन वेगळ्या गावांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांच्या तोंडून तो आला की मगच शाईनं गिरवायचा. विचारताना वस्तू दाखवायची, शब्द आपण होऊन उच्चारायचा नाही. "साक्षीदार पढवला की साक्ष गेली," ते म्हणत. आणि सगळ्यात अवघड कलम म्हणजे, विचारल्यावर गप्प बसायचं. समोरच्यानं डोकं खाजवलं, विडी पेटवली, उठून चालायला लागला तरी गप्प. मला हे कलम तीस वर्षांत जमलं नाही.

हे वेड कुठून लागलं तेही त्यांनीच सांगितलं. विज्ञान शिकवायचे. फळ्यावर एकदा 'सिलिका' लिहिलं, तर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही सिलिका कोण?" तिला वाटलं राधिका, मल्लिका तशी कुणी पोरगी असेल. वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. नगरच्या वाचनालयात जाऊन जाडजूड कोश काढले तेव्हा कळलं की रोमच्या जुन्या भाषेत ठिणगी पाडणाऱ्या कठीण दगडाला असलं काही नाव होतं, त्यावरून हे आलं. म्हणजे आपली चकमकच. मग चकमक कुठली, म्हणून बघितलं तर तो शब्द तुर्कांचा, फारसीतून आपल्याकडं आलेला. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. यारीच्या इंजिनाला विश्रांती दिली की सर फळीवर बसून सांगायचे. वाळू काय, काच काय, चकमक, अकीक, गारगोटी काय, आतून सगळी सिलिकाच, नावं मात्र पन्नास. अकीक अरबांचा. इंग्रज ज्याला ओपल म्हणून अंगठीत मिरवतात तो बहुधा आपल्या संस्कृतातला उपल, म्हणजे नुसता दगड. आणि स्फटिकाला इंग्रजीत जो शब्द आहे तो ग्रीकांचा, त्याचा मूळ अर्थ बर्फ. त्या लोकांना वाटायचं की थंडीनं पाणी इतकं गोठलं की पुन्हा वितळायचं विसरलं. "आणि आपण काय म्हणतो, रंगनाथराव? आभाळातून पडते ती गार, रानात सापडते तीही गार. ते कुठं, आपण कुठं. पण दोघांनी दगड हातात घेतला आणि दोघांना तेच वाटलं." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी म्हणायचो, "सर, आमच्या रानातली गार तर एवढी गार की आजा ती ताकात बुडवून ठेवायचा, त्या ताकानं चुलता एकदा आठ दिवस बधिर पडला हुता." सर पेन्सिल काढायचे. मी घाबरून म्हणायचो, "ह्ये नका लिहू, ह्ये उगाच."

पण उगाच असलेलं बरंच काही मी लिहू दिलं. सासूचं मीठ, मामलेदाराची साखर, वेताळाची कवडी... विहिरीतून जे वर येईल त्याला मी तिथल्या तिथं बारसं करून नाव द्यायचो. मला गंमत वाटायची. गमतीत मला हे उशिरा कळलं, की मी एक नाव ठेवलं की हा माणूस रविवारी सायकलवर बसतो आणि ते नाव तपासायला तीन-चार गावं फिरून येतो. दगड तळहातावर, तोंड मिटलेलं. म्हसोबाच्या दातापायी ते भर वैशाखात कान्हूर पठाराकडं जाऊन आले, हे मला त्यांच्या शाळेच्या शिपायानं सांगितलं. मी ओशाळून गेलो. म्हणालो, "सर, ते... माझ्या आज्याचं म्हणणं होतं बरं का, खरंखोटं त्यालाच ठाऊक." सर म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या वाट्याला एक अख्खी पेन्सिल गेलीय." मला कधी खोटारडा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी सुधारलो तरी असतो.

वह्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. बुटांच्या खोक्यांत, औषधांच्या बाटल्यांत कागदाच्या छोट्या पुड्या येतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या सर गावभर मागून आणत आणि वह्यांत ठेवत. "यातही सिलिकाच आहे," ते म्हणायचे. "तिच्या वह्या तिनंच राखाव्यात." डब्याच्या झाकणावर कायम एक पांढरी गार असे, लिंबाएवढी, एका अंगाला जरा पिवळसर. ती कुणी हलवलेली त्यांना चालायची नाही. मला वाटे, झाकण उडू नये म्हणून असेल.

मग दोघांचेही दिवस फिरले. बोअरची मशीनं आली, विहिरी बंद पडल्या. माझी यारी भंगारवाल्यानं कापून नेली आणि मी गुडघे चोळत घरी बसलो. सर रिटायर झाले आणि त्यांचे डोळे अधू होत गेले. काचबिंदू. डॉक्टरांकडून आल्यावर मलाच समजावत होते, "काच हे जुन्या वैद्यकात डोळ्याच्या एका रोगाचंही नाव आहे, रंगनाथराव. आयुष्यभर मी हिच्या मागं लागलो, आता ही माझ्या डोळ्यांत येऊन बसली." हसले. त्यांचं हसणं बिनआवाजाचं, नुसता चष्मा वरखाली व्हायचा. तेव्हापासून दर गुरुवारी मी त्यांच्या घरी जायला लागलो. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, दुरुस्ती सांगितली की मी लिहायची. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, कॉट, खिडकी. "जयभीम सर." "या. पेन्सिल आणलीत?" एवढ्यावर आमचा गुरुवार सुरू. ज्याला दिसत नाही त्याच्या वहीत खोटं लिहायला मला लाज वाटली. ती तीन वर्षं मी वहीत एक शब्दही रचला नाही. म्हणजे... एकदाच. तेच सांगतोय.

एका गुरुवारी पहिल्यापासूनची वही वाचत होतो. मधेच एक पान आलं, त्यावर एकच शब्द. शिसपेन्सिलीनं लिहिलेला, पुन्हा पुन्हा हाताळून करडा झालेला. बाजूला 'पांढरी गार' एवढाच अर्थ, आणि साक्षीदाराच्या जागी एकच नोंद, 'आई'. मी तो शब्द नेहमीच्या आवाजात वाचला, म्हणजे शेजारच्या गल्लीत गेला असणार. सरांनी एकदम हात वर केला. "हळू! हा मी कधी कुणापुढं उच्चारलेला नाही." दारात कपबशी वाजली. सुमनवहिनी, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. चहा ठेवला, बशीत सांडलेला पदरानं पुसला आणि काही न बोलता आत गेल्या.

मग सरांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ते नगरला बोर्डिंगात शिकत होते आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुट्टीला घरी आले तेव्हा काम नुकतंच सुटलं होतं. आईनं कनवटीची गार, तीच ही डब्याच्या झाकणावरची, काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, घे, ही माझी... आणि तो शब्द. पुढच्याच वर्षी आई गेली. "तीस वर्षं ही गार तळहातावर घेऊन मी शेकडो माणसांना विचारलं. गार म्हणाले, गारगोटी म्हणाले, पुष्कळांनी नुसता दगड म्हटलं. सुमनलासुद्धा लग्नानंतर एकदा दाखवली होती. दगड म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तो शब्द दुसऱ्या तोंडून आला नाही." मी म्हणालो, "सर, आईचा शब्द हाय. नेम ठिवा बाजूला आन् घ्या शाईनं." सर म्हणाले, "रोमच्या शब्दाला कोश साक्षीदार आहे, तुर्काच्या शब्दाला आहे. त्यांच्या पंगतीत आईचा शब्द बसवायचा तर वशिल्यानं नाही बसवायचा. ज्यांनी दगड फोडला त्यांनी दगडाला नाव ठेवलं नसेल, हे मला पटत नाही. पण मला पटून काय उपयोग?"

त्या हिवाळ्यात ते खंगत चालले. सुजाता पुण्याला चला म्हणून मागं लागली होती, ते हलेनात. दर गुरुवारी निघताना मला एकच विचारायचे, "कुठं बाहेरगावी जाणार असाल तर गार घेऊन जाता का?" मी न्यायचो, आणि खरं सांगतो, इमानानं विचारायचो. आणि हात हलवत यायचो. एका गुरुवारी माझ्याच्यानं ते तोंड बघवेना. घोडेगावच्या बाजारातून आलो होतो. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "सर, सापडलं. दुसरं तोंड सापडलं." म्हशी विकायला आलेली म्हातारी, नेवाशाकडची, गंगूबाई. तिची म्हैस कशी एका शिंगाची, दलालाशी ती कशी भांडली, सगळं उभं केलं. गार बघितल्याबरोबर तिनं तो शब्द कसा म्हटला तेही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम काम. सर उठून बसले. "तिनं आपण होऊन म्हटलं? तुम्ही सुचवलं नाही?" "न्हाई सर." "शपथ?" "सर, तुमच्या गळ्याची," मी म्हणालो. म्हणायला नको होतं. त्यांनी चाचपत वहीवर हात फिरवला, त्या पानावर बोटं ठेवली. "लिहा. शिसपेन्सिलीनंच. दोन झाली." त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले, वहिनींनी फाटकापर्यंत येऊन मला तेवढं सांगितलं. आणखी काहीतरी सांगायचं होतं त्यांना, असं आता वाटतं. पदर चाळवत उभ्या होत्या, मग "सावकाश जा, भाऊ" म्हणाल्या आणि वळल्या. तिथून पुढं दर गुरुवारी सर विचारायचे, "तिसरं?" लगेच दिलं असतं तर संशय आला असता. मुरू दिलं पाहिजे, असं मी ठरवलं. दुकानदारी नडली. मुरवता मुरवता चार महिने गेले, आणि त्या दिवशी एसटीत बसून मोरणी निवडत होतो तेव्हा...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आले, वंदना झाली, जुने विद्यार्थी बोलले. मला बोला म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी माईक परत दिला. माणसं पांगल्यावर सुजातानं डबा पुढं ओढला. झाकणावरची गार तिनं जपून खाली ठेवली. म्हणाली, "काका, बाबांच्या वह्यांचं पुस्तक करायचंय. शाईतले शब्द तेवढे घेणार. पेन्सिलीतले नाही, बाबांचा नियम." मग ते पान काढलं. "हा एकच शब्द अडलाय. आजीचा आहे. तुमच्या अक्षरात दोन नंबरची साक्ष आहे, घोडेगावच्या गंगूबाई. आपण त्यांना गाठू या का? त्यांच्या नात्यात, गावात तिसरं कुणी मिळेल." किती साधं विचारलं तिनं. मी नेहमीप्रमाणं तोंड उघडलं. गंगूबाईला मारून टाकणं काय अवघड होतं? म्हैस उधळली म्हटलं असतं की संपलं असतं. पण दमलो होतो हो. खोटं बोलायलासुद्धा अंगात ताकद लागते आणि ऐकणारं माणूस लागतं. समोर कॉट रिकामी होती. म्हणालो, "सुजाता, गंगूबाई नाही. मी रचली. तुझ्या वडलांच्या गळ्याची शपथ घेऊन रचली."

तिनं पान उजेडाकडं धरून माझं अक्षर पुन्हा वाचलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. आतून वहिनी आल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खोडा ती गंगूबाई. तिथं माझं नाव लिहा."

"आई, तू बाबांना दगड म्हणाली होतीस ना?"

"हातावर ठिवून दावला त्यांनी. हातावर दगडच असतो गं," वहिनी म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि आवाज न चढवता सांगत गेल्या. त्यांचं माहेर नेवासा तालुक्यातलं. दहा-अकरा वर्षांच्या असताना आईबरोबर त्याही खडी फोडत होत्या. ज्याची त्यानं खडी फोडून ज्याचा त्यानं ढीग लावायचा. सगळ्यांची खडी काळीच, ढिगाला लागून ढीग. कुणाचा कुठला हे कळायचं कसं? काळ्या दगडात कधीमधी पांढरी गार निघायची, ती आपल्या ढिगाच्या माथ्यावर ठेवायची. कुणाची टोकदार, कुणाची चपटी, कुणाची पिवळसर. बायका आपली गार लांबून ओळखायच्या. "त्या माथ्यावरच्या गारीला म्हनायचं ते. रानात पडलीय तवर ती गारच. ढिगावर चढली की मग ते नाव. काम सुटलं की बाई ती कनवटीला लावून घरी न्यायची. दुसऱ्याला कधी देत न्हाईत. दिली तर लेकराला देत्यात."

मला सरांची आई दिसली, जिला मी कधी बघितलं नव्हतं. तिची म्हणून ओळखू येणारी या जगात एकच वस्तू होती, ती तिनं पोराच्या हातावर ठेवली होती. पोरानं जन्मभर तो दगड जपला आणि तीस वर्षं तळहातावर घेऊन लोकांना चुकीचा प्रश्न विचारला. एवढा हुशार माणूस! ढिगावर ठेवून विचारायचं त्याला सुचलं नाही, कारण तो ढीग त्यानं कधी बघितलाच नव्हता.

"वहिनी, त्या गुरुवारी मी मोठ्यानं वाचलं तेव्हा तुम्ही दारात होता."

"व्हय. तवाच कळलं मला, हे कशापायी हिंडत हुते. चहा सांडला नव्हं का?"

"मग सांगितलं का नाही?"

वहिनींनी गार उचलली, पदरानं पुसली. "भाऊ, मास्तरीणबाई म्हनून चाळीस वर्सं काढली मी. त्या खडीवरचं एक अक्षर मला तोंडात नको हुतं. हाताचे फोड गेले, पर ते... सांगू, सांगू म्हनत हुते. तुमी गंगूबाई आनली, त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, बरं झालं, माझ्यावाचून भागलं." आणि मग इतका वेळ कोरडे असलेले डोळे त्यांनी गार धरलेल्या हाताच्या पाठीनं पुसले.

खोडरबर माझ्याच खिशात होतं. गंगूबाई खोडायला वेळ लागला, दाबून लिहिली होती. तिच्या जागी मी लिहिलं, सुमन साळवे, माहेर नेवासा तालुका. शिसपेन्सिलीनं. वहिनींच्या कानावर तो शब्द आधी पडला होता, मग ही साक्ष पढवलेली होत नाही का, असं सुजातानं विचारलं. बापाची लेक. मी म्हणालो, शब्द कानावर पडला होता, ढीग नव्हता पडला. ढिगाचं वहीत अक्षर नव्हतं. ते तिला पटलं. दोन झाली, या वेळी खरी दोन.

म्हणून हा लेख. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. लिहिला तर उद्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या आजीला तो पाठ असल्याचं निघेल, मी लोकांना ओळखतो, मी त्यांतलाच आहे. ज्यांच्या घरात बहात्तर सालात खडी फोडलेली कुणी बाई अजून असेल त्यांनी तिला एवढंच विचारावं, की ढिगाच्या माथ्यावर पांढरी गार ठेवायचे, तिला काय म्हणायचे? आणि विचारून गप्प बसावं.

मीही शिकतोय. गेल्या बाजाराला घोडेगावला गेलो. जनावरांच्या बाजाराच्या कडेला एक म्हातारी दावी आणि घुंगरं विकायला बसते. नाकात मोरणी नाही, गुडघे धडधाकट, मी रचल्या त्यांतल्या एकीसारखीही नाही. तिच्यासमोर उकिडवा बसलो, रस्त्याकडेची खडी ओंजळीनं गोळा केली, वीतभर ढीग लावला आणि वर सरांची गार ठेवली. म्हातारी म्हणाली, "काय रं बाबा, कुनाचं सराद घालतुयास?" मी गप्प. गर्दीतून म्हशी चालल्या होत्या, धूळ उडत होती, पाच मिनिटं झाली, दहा झाली. जीभ टाळ्याला लावून बसलो होतो. म्हातारी ढिगाकडं बघत होती. हातातलं दावं तिनं खाली ठेवलं. मग पुढं वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ढीग कुनाचा ह्यो?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, घासाघीस सुरू झाली, नातू तिला जेवायला घेऊन गेला. शब्द तिनं सांगितला नाही. हे मी रचलेलं असतं तर सांगितला असता, वर मला चहाही पाजला असता. मी ढीग मोडला आणि गार कनवटीला लावून घरी आलो. आता ती माझ्याकडंच असते, वहिनींनी दिलीय. पेन्सिल खिशात आहे. सरांचं शाईचं पेन सुजातानं मला देऊ केलं होतं, ते मी घेतलं नाही. ते त्या पत्र्याच्या डब्यात, वह्यांवर, ओल शोषणाऱ्या पुड्यांमध्ये ठेवलंय, टोपण घट्ट लावून. शाई वाळू नये म्हणून.